दागिने कोणाचे?

मोहेंजोदडोच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली पुरून ठेवलेल्या भांड्यांतून सोन्याचे व रंगीत मण्यांचे अलंकार मिळाले. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीही दागिना केवळ शोभेसाठी नव्हता, जपून ठेवण्याची ती ठेवही होती, असाच याचा अर्थ लावावा लागतो. भारतातील अलंकारांचा इतिहास जितका सौंदर्यदृष्टीचा, तितकाच बचतीचा आहे. आणि ही बचत मुख्यतः स्त्रीच्या नावाने झालेली आहे.

कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त स्त्रीधनाचे दोन भाग सांगितले आहेत: निर्वाहाची तरतूद ती 'वृत्ति' आणि अंगावरचे अलंकार ते 'आबध्य'. वृत्तीला दोन हजार पणांची मर्यादा होती, अलंकारांना नव्हती. जमीनजुमल्यात जिला क्वचितच वाटा मिळे, त्या स्त्रीला या तरतुदीचे मोल किती असेल, हे सांगावयास नको.

राज्यकर्त्यांना मात्र या सोन्यात बहुधा निष्क्रिय भांडवलच दिसत आले. चिनी आक्रमणानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटांहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. हजारो सुवर्णकारांचे काम गेले. चोरटी आयात काही थांबली नाही. पुढे १९६८ मध्ये झालेला कायदा अखेर १९९० मध्ये रद्द करावा लागला. लगेच पुढच्या वर्षी परकीय चलनाच्या टंचाईमुळे इंग्लंड व जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे सुमारे ४७ टन सोने गहाण टाकण्याची पाळी देशावर आली. अडीनडीला सोनेच उपयोगी पडते, हा गृहिणीचा हिशेब तेव्हा सरकारलाही मान्य करावा लागला.

परंतु गृहिणीच्या शहाणपणाचे कौतुक करून प्रश्न संपत नाही. पेरणी असो, मुलाची फी असो वा दुकानातली खोट असो, आधी मोडल्या जातात त्या तिच्या पाटल्या. आणि तिची संमती बहुधा गृहीतच धरलेली असते. स्त्रीधनावर पत्नीचीच मालकी असते, पती अथवा सासरची मंडळी केवळ विश्वस्त असतात, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात दिला. संकटात पतीने ते वापरले तरी ते वा त्याचे मूल्य परत करणे हे त्याचे नैतिक कर्तव्य ठरते, असे याच न्यायालयाने २०२४ मध्येही सांगितले.

हक्क आहे; उणीव आहे ती पुराव्याची. हुंडाबंदी कायद्याखालील १९८५ च्या नियमांनुसार विवाहप्रसंगी मिळालेल्या भेटींची लेखी यादी करावयाची असते. तीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते नोंदवून वधूवरांनी सह्या करावयाच्या असतात. किती घरांत हे घडते? लग्नाच्या याद्या करताना मानपानाचा तपशील बारकाईने लिहिणारा आपला समाज या एका यादीचाच संकोच करतो. ती मागणे म्हणजे सासरवर अविश्वास दाखविणे, असे मानले जाते. बँकेत पैसे भरून पावती घेणाऱ्यास कोणी संशयी म्हणत नाही. मुलीच्या दागिन्यांची पावती मागणाऱ्या बापासही कोणी तसे म्हणू नये.