मॉनिटरची पुष्पिका

'त्याचा' आणि 'त्यांचा' यांत फरक एका टिंबाचा. पण संपादित पाठात तो अर्थ पालटून टाकतो. १९२० बाय १०८० मापाचा मॉनिटर १०२४ बाय ७६८ वर चालू लागला, की अक्षरे आडवी फाकतात, कडा पुसट होतात आणि पहिला बळी जातो तो या टिंबाचाच. आमच्या विभागातील लिनक्सच्या संगणकावर काही महिने रोज सकाळी हेच घडत होते. आदल्या दिवशी नीट केलेला पडदा दुसऱ्या दिवशी पुन्हा मूळपदावर. 'लिनक्स म्हटले की हे असेच चालायचे', असा निकाल सहकाऱ्यांनी देऊन टाकला होता. तो मला मान्य नाही.

आम्ही 'एक्सरँडआर' ही आज्ञा देत होतो. तिने पडदा तत्क्षणी सुधारतो, पण तो चालू सत्रापुरताच. ही आज्ञा म्हणजे तोंडी निरोप. तो कोठेही लिहिला जात नाही. पुढच्या वेळी संगणक पुन्हा मॉनिटरकडेच त्याची ओळख मागतो.

ही ओळख लिखित असते. पोथीच्या अखेरीस लेखनिकाचे नाव, स्थळ व शक सांगणारी पुष्पिका असते, तशीच मॉनिटरमध्ये 'ईडीआयडी' नावाची नोंद असते. १९९४ साली ठरलेल्या या नोंदीचा मूळ खंड अवघा १२८ बाइटांचा. निर्माता, निर्मितीचे वर्ष, चालणारी मापे, सारे त्यात. केबल सदोष असेल तर ही पुष्पिका संगणकापर्यंत पोचत नाही आणि तो लहान, निर्धोक माप धरतो. शेवटचे पान फाटलेल्या पोथीचा कालनिर्णय आपणही असाच बेताने करतो.

ग्नोमच्या 'सेटिंग्ज'मधून केलेला बदल मात्र 'मॉनिटर्स डॉट एक्सएमएल' या फाइलीत लिहिला जातो. तेथे मापासोबत मॉनिटरचा निर्माता, अनुक्रमांक आणि तो कोणत्या जोडणीवर आहे हेही नोंदलेले असते. ओळख जुळली नाही, तर नोंद असूनही लागू होत नाही.

म्हणून उपायाचा क्रम महत्त्वाचा. आधी केबल बदलून पाहावी. ओळख तरीही मिळत नसेल, तर एक्स सर्व्हरवर हवे ते माप 'एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी' या संचिकेतील फाइलीत लिहावे, किंवा तीच आज्ञा सत्राच्या आरंभी आपोआप चालेल अशी ठेवावी. वेलँडवर एक्सरँडआरने माप बदलत नाही. तेथे सेटिंग्जचाच मार्ग धरावा.

या व्यवस्थेवर माझा आक्षेप आहेच. आज्ञा पाळताना 'हे तात्पुरते आहे' एवढा एक शब्द एक्सरँडआरने उच्चारला असता, तर अनेकांचे दिवस वाचले असते. पण आक्षेप आपल्यावरही आहे. या फाइली साध्या मजकुराच्या आहेत, कोणालाही उघडून वाचता येतात. पाठभेद कोठून शिरला याचा माग काढायला विद्यार्थ्यांना शिकवणारे आपण, स्वतःच्या टेबलावरच्या यंत्राचा पाठ मात्र न वाचताच त्याला दोष देतो.

आमच्याकडे दोष केबलचाच निघाला. ती बदलल्यावर आधी तपासलेली चाळीस पाने मी पुन्हा वाचली. दोन ठिकाणी 'त्यांचा'मधले टिंब निसटून गेले होते.