उणोदरी आणि राष्ट्राचा ताळेबंद

सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच उणोदरीचे स्थान आहे. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा मानला, तर त्यापूर्वीच हात आवरणे म्हणजे उणोदरी. उपवासाची अनुमोदना होते, पारण्याचा सोहळा होतो. या शांत तपाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आज त्याची गरज आत्मशुद्धीपुरती उरली नसून देशाच्या अंदाजपत्रकापर्यंत पोहोचली आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशातील २०.६ टक्के स्त्रिया व १८.९ टक्के पुरुष अतिवजनाचे वा स्थूल होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २४ व २२.९ टक्क्यांवर गेले. स्थूलतेमागून मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार येतात, आणि त्यांचे औषध बहुधा जन्मभर चालते. म्हणून हा खर्च एकदा करून मिटत नाही; चक्रवाढ व्याजासारखा तो दरवर्षी चढतो. वाशीमसारख्या जिल्ह्यात हे ओझे दुहेरी आहे. २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेल्या या जिल्ह्यात बालकांच्या पोषणासाठी आणि मधुमेहाच्या औषधांसाठी एकाच तिजोरीकडे हात पसरावा लागतो.

शासनाचे धोरणही एका दिशेने चालत नाही. जानेवारी २०२५ च्या आर्थिक पाहणी अहवालाने अतिप्रक्रियायुक्त खाद्यपदार्थांवर अधिक कर लावण्याचा विचार मांडला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून साखरयुक्त शीतपेयांवर ४० टक्के कर आला, पण नमकीन, बिस्किटे व चॉकलेट यांवरील कर ५ टक्क्यांवर उतरला. ग्राहकाला स्वस्ताई मिळाली, व्यापाऱ्याला उठाव मिळाला. उपचाराचा खर्च मात्र उधारीत राहिला.

वाशीम सोयाबीनचा जिल्हा आहे. तरीही देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते. दरडोई वार्षिक वापर १९.७ किलोवर पोहोचला आहे; शिफारस सुमारे १२ किलोची आहे. चार माणसांच्या कुटुंबास याचा हिशेब सोपा आहे: महिन्याला चार किलो पुरेसे, वापर साडेसहा किलोंचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी तेल १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले, ते या दृष्टीने माफकच म्हणावे लागेल.

वाशीम, कारंजा, रिसोड येथील बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या जैन कुटुंबांना हा प्रश्न दोन्ही बाजूंनी भिडतो. घरी चौविहार पाळला जातो, पण सूर्यास्तापूर्वीच्या ताटात तळण व मिष्टान्न भरगच्च असते. दुकानात मुलांच्या हाताला सहज लागतील अशा उंचीवर पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात. गल्ल्यातील नफा रोजमेळात दिसतो. गिऱ्हाइकाच्या घरातील आजार कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

धोरण दिल्लीत ठरते, पण त्याची अंमलबजावणी स्वयंपाकघरात आणि दुकानाच्या काउंटरवर होते. माळा वरच्या फळीवर जाव्यात, साधर्मिक वात्सल्याच्या पंगतीतील दोन तळीव पदार्थ कमी व्हावेत, घरच्या किराणा यादीत तेलाचा आकडा दरमहा तपासला जावा. यांपैकी कशासाठीही सरकारी अनुदान लागत नाही. बत्तिसाव्या घासाआधी थांबणारा हात स्वतःचा कर्मभार हलका करतोच. राष्ट्राच्या खर्चाची बाजूही तो थोडी हलकी करतो.