काळी बाटली बाजूला ठेवा

दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेला मातीचा घोडा लेक रंगवत बसली होती. तिला वेळ लागतोय म्हणून मीच तो काळ्या पोस्टर कलरने भराभर रंगवून टाकला. "आई, याची आयाळ कुठे गेली?" तिने विचारलं. मला उत्तर देता येईना. आयाळ, लगाम, डोळे, सगळं एकाच डागात बुडालं होतं.

माझं स्पष्ट मत आहे, मुलांच्या हाती काळी बाटली देऊच नये. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी साधारण सारखे घेऊन कालवा, काळाच दिसतो. निळा वाढवला की मावळ्याची दाढी, तपकिरी वाढवला की घोडा. त्यातच थेंबभर पांढरा मिसळून आयाळीच्या कडांवर ओढला की केस उठून दिसतात. बोटभर चित्रावर उजेड-सावली पुरेशी पडत नाही, ती रंगवावी लागते. आणि निव्वळ काळ्यापेक्षा गडद सावली आणायची कुठून?

रंगाच्या दोन वाट्या जास्त धुवाव्या लागतात, हे खरं. पण दुसरा घोडा लेकीने स्वतः रंगवला. मी फक्त वाट्या धुतल्या.