चिप संपते, आराखडा उरला पाहिजे

अमेरिकेतील झायलॉग कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेली झेड-८० ही चिप २०२४ च्या जूनपर्यंत नवी मागवता येत होती. त्या महिन्यात अखेरच्या मागण्या घेऊन कंपनीने ४८ वर्षांचा अध्याय मिटवला. याच्याशी आमच्या छत्रपती संभाजीनगरचा काय संबंध, असे कुणी विचारील. माझ्या मते संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

जुन्या धाटणीचे नवे संगणक घडवण्याचा छंद सध्या जगभर फोफावला आहे. त्याला केवळ गतकाळाचे वेड म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या यंत्राची प्रत्येक तार बोटाने दाखवता येते, ते यंत्र माणसाला खरोखर कळते. पण यंत्र कळले तरी चिप मिळाली पाहिजे ना!

ब्रिटनच्या झेडएक्स स्पेक्ट्रमचेच पाहा. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती विकली होती. त्यातली झेड-८० कुठेही मिळे. पण चित्र आणि कळफलक सांभाळणारी यूएलए ही चिप खास त्या यंत्रासाठीच बनवलेली. ती जळली की संगणक निकामी. पुढे एका अभ्यासकाने तिचे अंतरंग उलगडले आणि साध्या, बाजारात मिळणाऱ्या लॉजिक चिपा जोडून तेच काम करून दाखवले. मृत यंत्र पुन्हा जिवंत झाले ते ज्ञान खुले झाल्यामुळे, आणि सुटे भाग साधे असल्यामुळे. या दोहोंपैकी एक जरी नसते, तरी ते साधले नसते.

म्हणूनच नुसता आराखडा जाहीर केला म्हणजे हार्डवेअर मुक्त झाले, हे मला मान्य नाही. एकाच कारखान्यातून येणारी चिप त्यात असेल, तर किल्ली परक्याच्याच हाती राहते. एफपीजीए ही हवे ते रूप घेणारी चिप वापरावी, असे काही जण सुचवतात. उपाय चांगला आहे; पण तीही कुणा एकाचीच असते. फरक इतकाच, की तिच्यासाठी लिहिलेली रचना दुसऱ्या चिपवर नेता येते. तो फरक मोलाचा आहे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या ८०८५ वर घडल्या. इंटेलने ती चिप बनवणे केव्हाच थांबवले. किट बिघडले की जुन्या मालातली चिप शोधायची, नाहीतर किट कपाटात ठेवायचे! विद्यापीठाच्या आवारात नाइलिट आहे, तंत्रनिकेतन आहे, वाळूज-चिकलठाण्याला कारखाने आहेत. आजही उत्पादनात असलेल्या ६५सी०२ सारख्या चिपवर एक साधा बोर्ड येथेच आखावा, प्रत्येक भागाला पर्याय नोंदवावा, माहितीपुस्तिका मराठीत छापावी आणि सारे खुले ठेवावे. काम अवघड नाही. विद्यार्थ्याच्या हाती कपाटातले किट द्यायचे की दुरुस्त करता येणारे यंत्र, एवढेच ठरवायचे आहे.