सणांची गोधडी

संस्कृतांत जीर्ण वस्त्रांचे तुकडे जोडून केलेल्या पांघरुणास 'कंथा' म्हणतात. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत ती विरक्ताच्या अंगावर दिसते, बंगालची कांथा तिचेंच नांव चालविते, आणि आमच्या घरोघर तिला गोधडी म्हणतात. विरक्ताला रंगांची निवड करावयाची नव्हती. गृहस्थाला ती करतां येते. आणि एका गोधडींत वर्षाचे बारा सण मांडण्याचा उद्योग घरांतील मंडळींनीं करून पहावा, असें आम्हांस सुचवावयाचें आहे.

बहुतेक घरीं एखादी ट्रंक अशी असतेच कीं, जिच्यांत आजीची चंद्रकळा, पणजीचें इरकली लुगडें, ओटींत आलेले आणि कधींच न शिवलेले गुळेदगुड्डचे खण घडी घालून ठेविलेले असतात. त्यांस कात्री लावण्याचें धैर्य कोणास होत नाहीं. ती भावना आम्ही समजतों. तथापि ट्रंकेंत वस्त्र जपलें जातें हा भ्रम आहे. रेशीम घडीवरच चिरत जातें, आणि कसर कोणाची परवानगी मागत नाहीं. शिवाय कापडाच्या आधीं नाहींशी होते ती त्याची हकीकत. कोणतें लुगडें कोणत्या संक्रांतीचें, कोणता खण कोणाच्या डोहाळजेवणाचा, हें सांगणारें माणूस घरांत आहे तोंवरच हें काम हातीं घ्यावें.

प्रथम आकृतीचा विचार. गोधडीवर पाय पडतात. म्हणून गणपतीची मूर्ति, ॐकार, स्वस्तिक, लक्ष्मीचीं पावलें तींत घालूं नयेत. उत्तर कन्नड जिल्ह्यांतील सिद्दी लोकांच्या कांहीं कवंद्यांवर क्रूस किंवा चंद्रकोर शिवलेली आढळते, आणि त्यांची श्रद्धा त्यानें उणावते असें मुळींच नाहीं; आमच्या घरांची रीत निराळी, इतकेंच. देवाऐवजीं सणाची वस्तु घ्यावी. गणेशचतुर्थीस मोदक, दसऱ्यास आपट्याचें पान, दिवाळीस आकाशकंदील. मुलांच्या गणिताच्या वहींतील चौकटींच्या कागदावर ती वस्तु चौरस आणि त्रिकोण यांत बसवून पहावी. आपट्याच्या पानाची गोलाई थोडी टोंकदार झाली तर होऊं द्यावी. घरचें माणूस तें ओळखतेंच.

संक्रांतीचा चौरस उदाहरणादाखल घेऊं. काळें वस्त्र एरवीं सणास वर्ज्य, पण या एका दिवशीं तें मानाचें. म्हणून चंद्रकळेचें स्थान येथेंच. चौरसाची बाजू १२ इंच धरावी. चारी बाजूंचे मध्यबिंदु जोडले कीं आंत पतंग उभा राहतो. त्याची बाजू म्हणजे ६ इंचांच्या चौरसाचा कर्ण. तो काढण्याची रीत बौधायनाच्या शुल्बसूत्रांत आहे: मूळ मापांत त्याचा तिसरा भाग मिळवावा, मग त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा. ६ आणि २ आणि अर्धा, मिळून साडेआठ. या शेवटच्या भागाचा चौतिसावा हिस्सा सूत्रकार पुढें वजा करावयास सांगतात. येथें तो दोऱ्याच्या जाडीएवढा भरतो, आणि आपणांस यज्ञवेदी रचावयाची नसल्यामुळें तो सोडून द्यावा. शिवणीसाठीं चोहों बाजूंनीं पाव इंच धरला कीं पतंगाचें कापड बरोबर ९ इंच चौरस कापावें लागतें.

कोपऱ्यांच्या चार त्रिकोणांसाठीं चंद्रकळेचे ६ इंच ७ सूत बाजूचे दोन चौरस कापून ते कर्णावर दुभागावे. (८ सुतांचा १ इंच.) येथें केवळ अर्धा इंच वाढवून भागत नाहीं, कारण त्रिकोणाच्या निमुळत्या टोंकाशीं शिवण अधिक कापड खाते. असें कापल्यानें बाहेरची कड सरळ धाग्यावर येते व ताणत नाहीं. तिरकी कड आंत पतंगाला शिवली जाते. ती शिवतांना हातानें ओढूं नये, नाहींतर पतंगास पोक येतो. हलव्याचे दाणे काळ्यावर पांढऱ्या दोऱ्याच्या गांठींनीं दाखवावे.

दिवाळीची चांदणी याच हिशोबानें जमते: मध्यें ६ इंचांचा चौरस, कोपऱ्यांस ३ इंचांचे चार, आणि मधल्या जागांत त्रिकोण.

कापडाविषयीं दोनच सूचना. नवा खण भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पहावा; लाल रंग सुटला तर शेजारचा मोदक गुलाबी होईल. आणि जर कितीही सुंदर असला तरी लहान मुलाच्या गालास तो टोंचतो.

बारा महिन्यांचे बारा चौरस तीन-तीनच्या चार ओळींत जोडले कीं ३ फूट रुंद व ४ फूट लांब गोधडी होते; रांगत्या मुलास ती पुरेशी आहे. खालीं जुन्या धोतरांचे तीन-चार थर घालून धावदोरा घालावा. ज्यांचीं नातवंडें परदेशीं वाढत आहेत त्यांनीं ती टपालानें पाठवावी. पतंग कां काळ्यावर आहे हें मूल कधीं तरी विचारील, आणि त्याचें उत्तर गोधडीच्या पाठीवर असावें. प्रत्येक चौरसामागें वस्त्र कोणाचें, कोणत्या सणाचें, हें लिहावें. शाईचीं अक्षरें धुण्यांत फिकटतात. तीं काळ्या दोऱ्यानें उलट टीप घालून काढावीं. घरांतील ज्या पुरुषमंडळींस सुई धरतां येत नाहीं त्यांनीं आजीजवळ बसून ही हकीकत वहींत टिपून द्यावी, आणि हें काम या दिवाळीच्या आधींच उरकावें.