उतारूंची अग्रशाळा

आगगाडीचे स्टेशन हे गावाचे महाद्वार होय. परगावचा पाहुणा पहिले पाऊल टाकतो ते तेथे, आणि गावाविषयीचे त्याचे पहिले मत बनते तेही तेथेच. सांप्रत या महाद्वारांना सजविण्याची मोठी टूम निघाली आहे. कमानी उभ्या राहत आहेत, भिंती रंगत आहेत, रात्री रोषणाई होत आहे. या शोभेशी आमचे वैर नाही. परंतु कमानीखालून आत गेल्यावर पावसात उभे राहण्यास छप्पर, टेकण्यास बाक, पिण्यास पाणी आणि निर्मळ शौचगृह मिळते काय, हे आम्ही आधी विचारू. कमानीचे कौतुक मागाहून.

गोमंतकास आगगाडी नवी नाही. मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यावरील कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग पोर्तुगीज अमदानीत, १८८० नंतरच्या दशकातच झाला. कोकण रेल्वे मात्र आपल्या डोळ्यांदेखत उभी राहिली. १९९० साली महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ साली रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग वाहतुकीस खुला झाला. नव्वदाहून अधिक बोगदे खोदून श्री. ई. श्रीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे अचाट कार्य केले, त्याचे ऋण आम्ही मानतो. पण ज्यांनी सह्याद्रीचे कडे पोखरले, त्यांना फलाटावर छप्पर घालता येत नाही, हे कोणी आम्हांस पटवू पाहू नये.

मग अडते कोठे? अडते ते हिशेबाच्या वहीत. रेल्वे आपल्या स्टेशनांची प्रतवारी वार्षिक उत्पन्न आणि उतारूंची वार्षिक संख्या पाहून करते. २०१७ साली ही वर्गवारी सुधारली, तरी तिचे तत्त्व बदलले नाही. ज्याची मिळकत मोठी त्याच्या सोयी मोठ्या. ज्याची मिळकत लहान त्याने किमान सोयींवर समाधान मानावे. वरवर पाहता हा न्याय बिनतोड वाटतो. आमच्या मते तो दोन ठिकाणी लंगडा आहे.

पहिली गोष्ट, वर्षाची सरासरी काढली की जत्रेचा दिवस तिच्यात बुडून जातो. आमचे उतारू वर्षभर सारखे येत नाहीत. माघात मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथील उत्सवांना मुंबई, कारवार, मंगळुरू येथून कुळावी मंडळी येतात. फाल्गुनात जांबावलीच्या गुलालास माणसे लोटतात. भाद्रपदात तर अवघे कोकण चतुर्थीसाठी गावाकडे धाव घेते. त्या चार दिवसांत जे स्टेशन माणसांनी फुलून जाते, तेच उरलेल्या वर्षाच्या सरासरीने ‘लहान’ ठरते. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे, एवढ्या भरवशावर कोणी तीत मुले उतरवीत नाही.

दुसरी गोष्ट, गरज ही मिळकतीच्या प्रमाणात लहानमोठी होत नाही. मडगावी उतरणाऱ्या वृद्धेचे गुडघे आणि लहानशा स्टेशनावर उतरणाऱ्या वृद्धेचे गुडघे सारखेच दुखतात. डब्याची जमीन रुळांपासून अदमासे सव्वा मीटर उंच असते. उंच फलाट ७६ ते ८४ सेंटीमीटरांचा असतो, म्हणून तेथे एकदोन पायऱ्यांत निभावते. जेथे फलाट जवळजवळ रुळांच्या पातळीवर आहे, तेथे गाडीत चढणे म्हणजे भिंत चढणे होय. आणि गाडी तर दोन मिनिटे थांबणार!

छपराचीही तीच कथा. लहान स्टेशनांवर ते बहुधा फलाटाच्या मधल्या तुकड्यापुरते असते. लांब पल्ल्याच्या गाड्यांना वीस-बावीस डबे असतात आणि बिनआरक्षित डबे बहुधा दोन टोकांना जोडलेले असतात. म्हणजे ज्याच्या खिशात सर्वांत कमी पैसा, तोच उघड्यावर भिजतो. हा योगायोग असेल. पण गरिबाच्याच वाट्यास नेमाने येणाऱ्या योगायोगास आम्ही अन्याय म्हणतो.

त्यातून या मार्गाचा पावसाशी असलेला संबंध पाहा. पावसाळ्यात येथे वेगळे वेळापत्रक लागू होते. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे होते. मुसळधार पावसात गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरांवर आणला जातो. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ झालेले भीषण अपघात ज्यांना आठवतात, ते या सावधगिरीस नावे ठेवणार नाहीत. परंतु गाडी सावकाश येणार, उशिराने येणार, हे जर आधीच ठाऊक आहे, तर फलाटावरचा मुक्कामही लांबणार हे ठाऊक नको काय? आणि चतुर्थीची गर्दी नेमकी याच दिवसांतली! वेळापत्रक पावसाचे, मग फलाट उन्हाळ्याचा का?

पैशाची सबब नेहमीच पुढे येते. महामंडळ निराळे असल्याने रेल्वेच्या अर्थसंकल्पातील निधी मिळत नाही, असे सांगण्यात येते. महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास २०२५ साली महाराष्ट्रानेही संमती दिली. तो निर्णय शासनांनी करावा. उताऱ्याने मात्र आपला वाटा कधी थकविलेला नाही. बांधणीच्या खर्चाची भरपाई म्हणून या मार्गावर भाडे आकारताना प्रत्यक्षाहून अधिक अंतर धरण्याची पद्धत पडली, आणि लोकांनी ते निमूटपणे भरले. मार्च २०२० मध्ये साठीपुढील पुरुषांची ४० टक्क्यांची आणि ५८ वर्षांपुढील स्त्रियांची ५० टक्क्यांची सवलत काढून घेण्यात आली, तेही त्यांनी सोसले. दाम घेताना हात आखडला गेला नाही. सोय देतानाच तो का आखडावा? महाराष्ट्र शासनाच्या बांधकाम खात्याने कोकणातील काही स्टेशनांचे दर्शनी भाग अलीकडे सजविले. दारापर्यंत पैसा पोचतो, मग उंबऱ्याच्या आत त्याची वाट कोण अडवितो?

महात्मा गांधींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या हालांवर लेख लिहिला. १९७४ साली तिसरा वर्ग बंद झाला. पाटी गेली, पण उतारूकडे माल म्हणून पाहणारी दृष्टी अजून पुरती गेलेली नाही. मालास तहान लागत नाही, लाज वाटत नाही, आणि त्याच्या कडेवर मूल नसते.

आमच्या देवस्थानांच्या वाचकांस हे वेगळे सांगावे लागू नये. सोळाव्या शतकात आमच्या दैवतांनाही मूळ स्थान सोडून, नदी ओलांडून अंत्रुज महालात आसरा घ्यावा लागला. ज्या गावांनी त्यांना थारा दिला, त्यांनी आधी उत्पन्न विचारले नव्हते. पुढे त्याच देवालयांभोवती अग्रशाळा उभ्या राहिल्या. दुरून आलेल्या कुळाव्यास आधी पाठ टेकण्यास जागा, आंघोळीस पाणी, जेवणाचे पान; दर्शन त्यानंतर. आतिथ्याचा हा क्रम आमच्या रक्तात आहे. स्टेशन हीही अग्रशाळाच आहे, एवढेच रेल्वेच्या चालकांस आम्ही बजावून सांगतो.

मात्र बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. एवढी देवालये ज्या फोंडा तालुक्यात आहेत, त्यात एकही रेल्वे स्टेशन नाही. मंगेशीस जाणारा उतारू कर्मळीस वा मडगावी उतरतो. पुढची वाट कदंबच्या बसची, नाही तर भाड्याच्या मोटारीची. महाजन मंडळींनी उत्सवांच्या तिथी वर्षारंभीच रेल्वेस व कदंब महामंडळास लेखी कळवाव्यात, जादा गाड्या आणि गाडीच्या वेळेस मिळणारी बस मागावी, आणि मागणीचा पाठपुरावा करावा. नवे भक्तनिवास बांधण्यास निधी जमतो. स्टेशनापासून देवळापर्यंतची यात्रेकरूची वाट सुखाची करणे हीही सेवाच आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. फलाटाच्या दोन्ही टोकांपर्यंत छप्पर. डब्याच्या पायरीस मिळणारा उंच फलाट. दुसऱ्या फलाटावर जाण्यास वृद्ध-अपंगांना झेपेल असा उतार वा उद्वाहक. रात्रभर उजेड, पाणी व उघडे, स्वच्छ शौचगृह. आणि गाडी उशिरा येणार असेल तर तसे वेळेवर, खरे आणि कोकणी-मराठीतूनही सांगणारा आवाज. यांतील एकही गोष्ट चैनीची नाही. यांपैकी जे स्टेशन एवढे देईल, त्याच्या भिंती बिनरंगाच्या असल्या तरी आम्ही त्यास सुंदर म्हणू. जे देणार नाही, त्याच्या कमानीवर कितीही दिवे लागोत, आमच्या लेखी तेथे अंधारच आहे.