आठ टक्के म्हणजे नेमके किती?

मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी, आणि वडोदऱ्यातला फ्लॅट रिकामा. आपल्या मंडळींपैकी कितीतरी घरांत आज हेच चित्र आहे. पूर्वी भाडेकरूकडे शेजारी नाहीतर एखादा भाचा लक्ष ठेवी. आता हे काम मोबदला घेऊन करणारे व्यवस्थापक आहेत. 'भाड्याच्या अमुक टक्के' एवढेच ते सांगतात. कर्जाचे कागद वाचण्यात नोकरी गेल्यामुळे आम्हाला टक्का ऐकला की पुढचा प्रश्न सुचतो: कशावर, आणि वर आणखी काय?

समजा भाडे २०,००० आणि दर ८ टक्के. म्हणजे महिना १,६००. व्यवस्थापक जीएसटीत नोंदलेला असेल तर १८ टक्के धरून १,८८८. भाडेकरू शोधून देण्याचे बहुधा एक महिन्याचे भाडे वेगळे, करासह २३,६००. करार अकरा महिन्यांचा, आणि मध्ये एक महिना घर रिकामे राहिले असे धरू. भाडे आले २,२०,०००, खर्च झाला ४४,३६८. आठ टक्क्यांचे वीस झाले! शिवाय नूतनीकरणाचे शुल्क आणि प्लंबरच्या बिलावरचा वाढावा यात धरलेलाच नाही.

म्हणून आम्ही तीन गोष्टी लेखी मागतो. टक्का हाती आलेल्या भाड्यावर की ठरलेल्या भाड्यावर? भाडेकरू मुदतीआधी गेला तर शोधणावळ पुन्हा द्यायची का? किती रकमेपुढच्या दुरुस्तीला आम्हाला विचारणार? पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा चाचरला, तर आम्ही चहा संपवून उठतो.

अनेकांना वाटते की हे शुल्क प्राप्तिकरात वजा होईल. तसे होत नाही. मालकाने भरलेला महापालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च शून्य असो वा पन्नास हजार, व्यवस्थापकाचे पैसे त्यातच आले. घर परदेशस्थ मुलाच्या नावावर असेल तर भाडे कितीही कमी असले तरी भाडेकरूने करकपात करून ती सरकारकडे भरायची असते. हे काम व्यवस्थापक बघणार की नाही, तेही आधीच विचारावे.

आमच्या परिचयातल्या एका जोडप्याचे डिपॉझिट व्यवस्थापकाच्या खात्यात होते. भाडेकरू जाताना ते परत मिळेना, आणि भाडेकरूने तगादा लावला तो मालकाकडेच. शेवटी त्यांनी ते पदरचे दिले. तेव्हापासून आम्ही सांगतो: भाडे आणि डिपॉझिट थेट मालकाच्या खात्यात, व्यवस्थापकाने महिन्याला बिल द्यावे. मुखत्यारपत्र द्यावेच लागले तर ते भाडेकरार आणि दुरुस्तीपुरते, विक्रीचा किंवा गहाणाचा शब्द त्यात नको.